विद्येकरिता परदेशगमन : काय धरावे, काय सोडावे

आजकाल खेड्यापाड्यांतील घरांतूनही मुले व मुली उच्च शिक्षणाकरिता परदेशी जाऊ लागली आहेत. निघण्यापूर्वी ती, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे आईबाप, सर्व गोष्टींची बारीक आखणी करितात : कोणते विद्यालय, कोणती पदवी, किती वर्षे, किती खर्च, परत केव्हा येणे. अशी आखणी करणे योग्यच होय. ज्यांनी कर्ज काढून, प्रसंगी शेताचा तुकडा गहाण ठेवून मुलास पाठविले, त्यांस बेफिकीर राहा असे कोण सांगेल? तथापि परक्या मुलखात ही आखणी पुष्कळदा कोठे ना कोठे मोडते. तेव्हा असा प्रश्न उभा राहतो की, जे आपल्या हाती उरले नाही ते सोडून देणे हे भ्याडपण की शहाणपण? या प्रश्नाचा आम्ही येथे थोडा विचार करू इच्छितो.

पंडिता रमाबाई इ. स. १८८३ त इंग्लंडास गेल्या. पदरी लहानगी मनोरमा होती. वैद्यकी शिकून आपल्या देशभगिनींची सेवा करावी हा त्यांचा बेत. परंतु त्यांस ऐकू कमी येत असे, व त्यामुळे वैद्यकीचा मार्ग त्यांना बंद झाला. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला तीच हातची गेली. अशा वेळी कोणी बंद दारावर डोके आपटीत बसतो, तर कोणी सर्वच टाकून घरची वाट धरितो. रमाबाईंनी यांपैकी काहीच केले नाही. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्या शिकू लागल्या व तेथेच संस्कृत शिकवूही लागल्या. इ. स. १८८६ त आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि इ. स. १८८८ पर्यंत तिकडेच राहिल्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, व पुढे इ. स. १८८९ त मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. बेत वारंवार बदलला. ज्या हेतूने घर सोडले तो मात्र एकदाही बदलला नाही.

विहिरीतून पाणी काढणारी बाई दोर हातातून सरकू देते. न देईल तर पोहरा पाण्यास लागणारच नाही. पण दोराचे टोक ती सुटू देत नाही. परदेशी विद्यार्थ्याचेही असेच आहे. विषय, मुदत, राहण्याची जागा, लोकांचे आपल्याविषयीचे मत, हा सारा सरकणारा दोर होय. आपण कशासाठी निघालो हा हेतू, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी, हे त्याचे टोक होय. रमाबाईंनी परिस्थितीवरचा ताबा सोडला, पण बुद्धीवरचा सोडला नाही. परदेशातही त्या शाकाहारीच राहिल्या, आणि ज्यांच्या आश्रयास होत्या त्या गुरुजनांशीही धर्ममतांविषयी पत्रांतून निर्भयपणे वाद करीत राहिल्या. म्हणून सोडून देणे म्हणजे दुसऱ्याच्या हातचे बाहुले होणे, असे कोणी समजू नये.

त्याचप्रमाणे सोडून देणे म्हणजे आळसही नव्हे. डॉ. भीमराव आंबेडकर इ. स. १९१३ त बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले व इ. स. १९१६ त तेथून लंडनास आले. शिष्यवृत्तीची मुदत सरताच, अभ्यास अर्धा टाकून, इ. स. १९१७ त त्यांस परतावे लागले. त्यांची पुस्तके निराळ्या जहाजाने येत होती. ते जहाज महायुद्धात पाणतीराने बुडविले गेले. यातील एकही गोष्ट त्यांस थांबविता येणार नव्हती. जे हाती होते ते मात्र त्यांनी केले. मुंबईस अध्यापकी करून पैसा साठविला, स्नेह्यांचे साह्य घेतले, आणि इ. स. १९२० त पुन्हा लंडनास जाऊन इ. स. १९२३ त तेथील सर्वोच्च पदवी मिळविली.

परंतु या दोन कथांवरून, सोडून दिले म्हणजे शेवट गोडच होतो, असा अर्थ काढणे खरे होणार नाही. आनंदीबाई पदवी घेऊन आल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण इ. स. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांचे श्रम काही खोटे नव्हते. श्रमाप्रमाणे फळही आपल्या मुठीत असावे हा हट्टच मनुष्याने शेवटी सोडावयाचा असतो. आणि हेच सर्वांत कठीण आहे.

आता घरी राहणाऱ्यांविषयी. पूर्वी परदेशचे पत्र यावयास कित्येक आठवडे लागत. आज मोबाइलवर दिवसातून तीन वेळां लेकराचे तोंड दिसते. ही मोठी सोय आहे. पण तिनेच आईबापांची मूठ अधिक आवळली जाते. परीक्षेत अपयश आले, विषय झेपेनासा झाला, पैसा संपत आला, तरी घरच्या आशेला धक्का बसेल या भीतीने मूल "सर्व ठीक आहे" असे म्हणते, आणि परक्या गावी एकटेच झुरते. अशा झुरण्याने पुष्कळ चांगली मुले आतून खचतात.

म्हणून आमची आईबापांस, आणि गावोगावी ज्यांचा सल्ला घेतला जातो त्या उपदेशक बंधूंस, अशी विनंती आहे की, घट्ट धरावयाचे ते आधीच धरावे. बेत मोडला तरी फेडता येईल एवढेच कर्ज काढावे. न झेपणारे काढू नये. मग निरोपाच्या दिवशी मुलास स्पष्ट सांगावे : "बाळा, ठरविल्याप्रमाणे झाले नाही तर ते आम्हांला पहिल्यांदा सांग. आम्ही तुला बोल लावणार नाही. पुढे काय करावयाचे ते मिळून पाहू." एवढे शब्द ज्या मुलाच्या गाठीस आहेत, त्याला मोडलेला बेत सोडून देऊन नवी वाट धरण्याचे धैर्य पुष्कळ सुलभ होईल.