काढता येणारी खूण

लोकरीचे विणकाम किंवा क्रोशाचे काम करणाऱ्या भगिनींच्या डब्यात सुया, कात्री आणि मोजपट्टी यांच्याबरोबर आणखी एक बारीकशी वस्तू असते. ती म्हणजे खुणेची कडी. गोल विणताना फेरी कुठे सुरू झाली, बाहीसाठी टाके कुठे वाढवायचे, नक्षीचा एक भाग कुठे संपला, हे लक्षात राहावे म्हणून ही कडी टाक्यांमध्ये अडकवतात. त्यामुळे शे-दोनशे टाके पुन्हा पुन्हा मोजण्याचा त्रास वाचतो. आपल्या रोझरीत दहा मण्यांनंतर येणारा सुटा मणी हेच काम करतो. किती झाले हे तो बोटांना सांगतो आणि मन मोजण्यात न गुंतता रहस्याच्या मननात राहू शकते.

खूण म्हणून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा फास चालतो, सेफ्टी पिनही चालते. तरीही अनेक जणी मणी आणि तार घेऊन अशा कड्या घरीच बनवतात. आम्हीही बनवतो. ही कडी बनवताना आणि वापरताना जे नियम पाळावे लागतात, त्यांतून एक प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. तो विणकामापुरता नाही. आपण दुसऱ्याला जी मदत करतो, ती त्याच्या आयुष्यात कुठवर राहावी?

प्रथम कडी कशी बनते ते पाहू. पातळ तार, तयार कड्या, एक-दोन मणी, गोल टोकाची पक्कड आणि बारीक कानस एवढे साहित्य पुरते. रोझरी ओवणाऱ्यांना यातले बहुतेक ओळखीचे आहे. मणी तारेत ओवायचा, तारेचे टोक पक्कडीने वळवून वेटोळे करायचे आणि ते कडीत अडकवायचे. कडी उघडताना तिची टोके दोन बाजूंना फाकवायची नाहीत. एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे सरकवायचे, म्हणजे गोलाई बिघडत नाही आणि कडी पुन्हा नीट मिटते. कडी सुईपेक्षा थोडी मोठी हवी. ४ मिलिमीटर जाडीच्या सुईला आतून ६ मिलिमीटरची कडी सोयीची पडते. मणी जड नको, नाहीतर शेजारचा टाका ओढला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारेचे टोक उघडे राहता कामा नये. उघडे टोक लोकरीत अडकते आणि धाग्याचे पदर सुटतात. म्हणून तयार झालेली कडी एखाद्या जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून फिरवून पाहावी. अडकली तर टोक पुन्हा घासावे. मणी कितीही सुंदर असो, अडकणारी कडी कामाची नाही.

आता वापराविषयी. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवरच उभे असतात. खुणेची कडी दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर बसते. तिच्यापर्यंत विणत आलो की तिला डाव्या सुईवरून उजव्या सुईवर सरकवायचे आणि पुढे जायचे. ती कामाबरोबर चालते, पण कामात विणली जात नाही. तिथे पूर्ण मिटलेली कडी चालते. क्रोशाचे तसे नाही. क्रोशाच्या सुईवर साधारणपणे एकच फास उघडा असतो, बाकीचे टाके बंद झालेले असतात. खूण करायची तर ती टाक्यातच ओवावी लागते. तिथे मिटलेली कडी विणली गेली, तर ती कायमची त्या कापडात राहते. मग दोनच मार्ग उरतात: कडी तोडायची किंवा काम उसवायचे. म्हणून क्रोशासाठी उघडमीट होणारी कडी लागते. कानातल्याचा किंवा माळेच्या टोकाचा हुक वापरून ती बनवता येते. पहिल्या टाक्यात ती अडकवायची, फेरी पूर्ण झाली की उघडून काढायची आणि नव्या फेरीच्या पहिल्या टाक्यात लावायची.

काढता न येणारी खूण कापडाला अडकून बसते. माणसांच्या बाबतीत हे अधिक खरे आहे.

आपल्या आसपासची काही उदाहरणे पाहू. एखाद्या काकांनी पुतण्याच्या शिक्षणाची फी भरली. पुतण्या शिकला, नोकरीला लागला. पण पंधरा वर्षांनंतरही त्याने घर कुठे घ्यावे, मुलगी कुठली पाहावी, हे काकाच ठरवणार आणि तो काही बोलला तर फीची आठवण निघणार. सून घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला सारे शिकवले, मोठ्या मायेने शिकवले. पण आता सुनेची मुले शाळेत जाऊ लागली, तरी डाळीत मीठ किती घालायचे हे सासूबाईंनाच विचारावे लागते. धर्मग्रामात एखादे मंडळ कोणी तरी घाम गाळून उभे केले. आज तरुण मंडळी पुढे यायला तयार आहेत, पण सभेत प्रत्येक सूचनेला उत्तर एकच: आमच्या वेळी असे नव्हते. या साऱ्यांनी केलेली मदत खरी होती. तिच्यात प्रेम होते, कष्ट होते. पण ती मिटलेली कडी होती. ती आता कोणाचा तरी स्वाभिमान दुखावल्याशिवाय निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे सोडून देण्यासारखे नाही, की प्रेम ही काय कडी आहे काम झाले की काढून ठेवायची? आईबाप कधी आईबाप असायचे थांबतात का? शिवाय आजकाल मदत करून चिकटून बसणाऱ्यांपेक्षा मदतीलाच न येणारेच जास्त दिसतात. 'त्याचे तो बघून घेईल' हे वाक्य आपल्या वाड्यांमध्ये वाढत चालले आहे. स्नानसंस्काराच्या दिवशी बाळाला हातांवर घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता पुढे त्याच्या श्रद्धेची विचारपूसही करीत नाहीत, असेही घडते. मग बाजूला व्हा असे सांगून आपण बेफिकिरीला निमित्त देत नाही ना?

ही शंका रास्त आहे. विणकामही तेच सांगते. खूण वेळेआधी काढली तर फेरी हरवते आणि सगळे पुन्हा मोजावे लागते. म्हणून प्रश्न खूण लावावी की न लावावी असा नाही. ती केव्हा काढावी, असा आहे. त्याचे उत्तर विणणाऱ्या भगिनींना ठाऊक असते. मानेपासून खाली स्वेटर विणताना टाके वाढवण्याच्या चार जागी चार कड्या लावतात. सुरुवातीला त्यांच्यावाचून काहीच कळत नाही. पण दहा-पंधरा ओळी झाल्या की वाढवलेल्या टाक्यांची तिरकी रेघ कापडात स्वच्छ दिसू लागते. आता कापडच आपली जागा सांगते. सरावाची विणणारी या टप्प्यावर कड्या काढू शकते. नवशिकी त्या आणखी काही ओळी राहू देते, आणि त्यात कमीपणा नाही. कसोटी एकच: कापड स्वतः बोलू लागले का?

मदतीची कसोटीही हीच असावी असे आम्हाला वाटते. मला अजून मदत करावीशी वाटते का, हा प्रश्न पुरेसा नाही. समोरच्याला आपली जागा आपणच ओळखता येते का, हे पाहायला हवे. येत नसेल तर खूण काढणे म्हणजे टाकून देणे होय. येत असेल तर खूण तशीच ठेवणे म्हणजे त्याला अडवणे होय. आणि कडी काढली म्हणजे ती फेकली असे नाही. ती डब्यात परत जाते, पुढच्या कामाला पुन्हा लागते. काकांचे नाते राहते, सासूबाईंची माया राहते. फक्त जागा धरून ठेवण्याचे काम संपते.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत या विचाराला मोठे स्थान आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली 'क्वाद्राजेसिमो आनो' या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले. व्यक्ती किंवा लहान समूह स्वतःच्या बळावर जे करू शकतात, ते मोठ्या संस्थेने त्यांच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे; समाजाने आपल्या घटकांना साहाय्य करावे, त्यांना गिळून टाकू नये, असा त्याचा आशय आहे. राज्य आणि समाज यांच्यासाठी सांगितलेले हे तत्त्व घराच्या उंबऱ्याच्या आतही लागू पडते. येथे अन्याय हा शब्द ध्यानात घ्यावा. दुसऱ्याच्या हातचे काम प्रेमापोटी काढून घेतले, तरी त्याचे नुकसान व्हायचे ते होतेच.

क्रोशाच्या इतिहासातही योग्य मदतीचे एक उदाहरण सापडते. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढची काही वर्षे भीषण दुष्काळाची गेली. सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या काळात कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाईन सिस्टरांनी गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोनिस या गावी कॅसान्ड्रा हँड या अँग्लिकन धर्मगुरूंच्या पत्नीने १८४७ साली हेच काम सुरू केले. भुकेल्याला आधी अन्नच द्यावे लागते, यात शंका नाही. पण या स्त्रियांनी दिलेली मदत शिकणाऱ्यांच्या बोटांत उतरली. लेस विकून आलेल्या पैशांवर कितीतरी घरे तगली. शिकवणाऱ्या गेल्या, कला मात्र राहिली. क्लोनिसची लेस आजही ओळखली जाते.

आणि आपल्यापुढे सर्वांत मोठा आदर्श प्रभूचा आहे. एम्माऊसच्या वाटेवर तो त्या दोन खचलेल्या शिष्यांबरोबर चालला. त्यांचे म्हणणे त्याने ऐकून घेतले, शास्त्र उलगडून सांगितले, त्यांच्या आग्रहाखातर मुक्कामाला थांबला. त्याने भाकर मोडली, त्यांचे डोळे उघडले आणि त्याच क्षणी तो त्यांच्या दृष्टीआड झाला. थोडा आणखी थांबला असता तर, असे आपल्याला वाटते. पण लूक पुढे काय सांगतो पाहा. ते दोघे रडत बसले नाहीत. रात्र झाली होती तरी त्याच घटकेला उठून ते स्वतःच्या पायांनी यरुशलेमला परतले. कुणी वाट दाखवण्याची आता गरज नव्हती. प्रभू त्यांना सोडून गेला नव्हता. तो त्यांच्या आत उतरला होता.

म्हणून या आठवड्यात, रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी, आपण प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारू या. आपण कोणाच्या आयुष्यात वेळ संपल्यावरही अडकून बसलो आहोत का? आणि जिथे आपली अजून गरज आहे, अशा कोणाला आपण वाऱ्यावर सोडले आहे का? दोन्हींपैकी एकाचे तरी उत्तर बहुतेकांकडे निघेल. अडकणारे टोक आपलेच असेल तर ते घासायचेही आपणच. केलेल्या उपकाराची आठवण न काढणे, सल्ला विचारल्यावरच देणे, दुसऱ्याची पद्धत वेगळी असली तरी ती चालू देणे, ही त्या घासण्याची रोजची कामे आहेत. ती सोपी नाहीत.

पूर्ण झालेल्या स्वेटरवर खुणेची कडी दिसत नाही. तो घालणाऱ्याला ती कधी होती हेही ठाऊक नसते. पण बाही खांद्यावर नीट बसते, ती तिच्यामुळे. आपल्या हातून कोणाचे तरी आयुष्य असे नीट बसावे आणि त्यात आपले नाव शोधण्याचा मोह आपल्याला होऊ नये, एवढी कृपा आपण प्रभूजवळ मागू या.