गेलेल्या माणसाचं किती दिवस करायचं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं वांद्र्याला गेलो, तेव्हा काही दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मला वाचायचं वेड. दहावीपर्यंतच शिकलो, पण हाताला लागेल ते वाचतो, खताच्या पोत्यावरचं सुद्धा सोडत नाही. काळा चष्मा लावून गॅलरीत बसून बसून जीव आंबला. शेवटी मुलगी म्हणाली, "आबा, मी वाचते, तुम्ही ऐका." तिनं लायब्ररीतनं इंदिरा संतांच्या निवडक कवितांचं 'मृण्मयी' आणलं होतं. निवड रमेश तेंडुलकरांची.

तेंडुलकर म्हटल्यावर मी कान टवकारले. सचिनचे वडील. प्राध्यापक नि कवी. मुलीच्या वसाहतीपासून जवळच, वांद्रे पूर्वेला साहित्य सहवासात ते राहायचे. विंदा करंदीकरही तिथलेच. जावयानं संध्याकाळी फिरायला नेताना ते गेट दाखवलं होतं.

पण इंदिराबाई बेळगावच्या, हे ऐकून मात्र मला लाज वाटली. आमच्या चंदगड तालुक्याचा बाजारहाट, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं बेळगावला. किती वर्षं मी तिथं रताळी नि काजू घेऊन गेलो. त्या गावात एवढी बाई राहत होती, आणि मला तिचा पत्ता वांद्र्यात लागला!

त्यांचे यजमान ना. मा. संत. तेही कविता करायचे. 1940 साली दोघांनी मिळून एक संग्रह काढला, नाव 'सहवास'. सहा वर्षांत, 1946 साली, संत वारले. बाई तेव्हा बत्तिशीच्या, पदरात मुलं. पुढं 'शेला' आला, 'मेंदी' आली, 'मृगजळ' आलं. 1982 साली 'गर्भरेशीम' आलं, त्याला साहित्य अकादमीचा मान मिळाला. तोवर संतांना जाऊन छत्तीस वर्षं झाली होती.

कविता लहान लहान. संध्याकाळ, झाड, ढग, अंगणातला उजेड, असलंच काहीतरी बाई सांगत असते. आणि ऐकता ऐकता कळतं, की तिथं एक माणूस असायला हवा होता, तो नाही. मोठ्यानं रडणं कुठं नाही. विहिरीचं पाणी वरनं गप्प दिसतं, तसं.

तरी दोन दिवसांनी मी वैतागलो. म्हटलं, "पुरे की बाई. गेलेल्या माणसाचं किती दिवस करायचं?"

आमच्याकडं त्याला हिशेब आहे. तेरा दिवस. मग भावकी येऊन तुम्हाला शेतात नेते, हातात खुरपं देते. गेल्याच्या मागं जाता येत नाही म्हणतात. तरवा कुणासाठी थांबत नाही. चार वर्षांमागं माझी बायको गेली ती रोपलावणीच्या दिवसांत. मी तर तेरा दिवसही धरले नाहीत, पाचव्या दिवशी चिखलात उभा होतो. लोक म्हणाले, घट्ट माणूस. मला ते बरं वाटलं, खोटं का बोलू? तेव्हापासून मी घरात तिचं नावही काढलं नाही.

मुलीला म्हटलं, "तेंडुलकरांच्याच घरचं बघ. 1999 साली इंग्लंडात वर्ल्ड कप चालू असताना ते वारले. पोरगा आला, बापाला पोचवलं आणि माघारी गेला. आईनंच धाडलं म्हणतात. दिवस घालायच्या आधीच केनियाबरोबर नाबाद 140 काढले. असं असावं माणसानं."

मुलगी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, त्यानं शंभर झाल्यावर आभाळाकडं बघितलं होतं. तुम्ही कधी बघितलं?"

आणि मग जे इतकी वर्षं बोलली नव्हती ते बोलली. "आईची लुगडी तुम्ही चौदाव्या दिवशी वाटून टाकली. मला एक जुनेर हवं होतं गोधडीला. विचारलंही नाही."

मी काय बोलणार? चष्मा काळा होता ते बरं.

रात्री झोप लागली नाही. माझी आत्या आठवली. पंचविशीत तिचं कुंकू पुसलं ते पुसलंच. तिला विसरायची परवानगीच नव्हती. आणि गडी माणूस वर्षाच्या आत दुसरी करून मोकळा. म्हणजे किती दिवस करायचं, हा हिशेबही बाईला वेगळा आणि गड्याला वेगळा! पण इंदिराबाईंचं आठवणं कुणी लादलेलं वाटत नाही. ते त्यांनी स्वतः सांभाळलं. आणि त्यासाठी काम सोडलं असंही नाही. शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नोकरी केली, मुलं वाढवली. मी समजत होतो, आठवत बसलं की हातातलं काम सुटतं. सुटत नाही. मी नाव काढत नव्हतो ते कामासाठी नव्हेच, भ्यायलो होतो.

तरी सगळंच पटलं असं म्हणणार नाही. काही कविता ऐकताना वाटलं, बाई, आता जरा जवळच्यांकडं बघा. न दिसणाऱ्या माणसाचं ताट रोज मांडलं, तर दिसणाऱ्यांनी कुठं बसायचं? पण मी तरी कुणाकडं बघितलं होतं? ताटही मांडलं नाही नि पोरीकडंही बघितलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी मुलीनं पुस्तक न उघडताच पावसाची कविता म्हटली. शाळेत पाठ केलेली. झोपडीतली बाई पावसाला रागावते, घरात शिरू नको, माझं धडुतं भिजवू नको. आणि मग त्यालाच विनवते, माझा माणूस वाटेला लागलाय, पुढं जाऊन त्याला अडव, माघारी आण. मग हवा तेवढा दंगा कर, मी काही बोलणार नाही.

ते ऐकलं आणि मी उठूनच उभा राहिलो.

"तुला एक सांगायचं राहिलंय," म्हटलं. तिच्या आईला नेलं त्या दिवशी पावसानं घाट बंद होता, मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. तिनं काहीच बघितलं नव्हतं. आम्ही निघालो तर वाटेत ओढ्याला पाणी आलेलं. पलीकडं जाता येईना. तिरडी झाडाखाली टेकवली, वर इरली धरली आणि दोन तास थांबलो. सगळे पावसाला शिव्या देत होते. मीही दिल्या, चारचौघांत द्याव्या लागतात. पण मनात म्हणत होतो, पड रे, आणखी पड. पाणी उतरू नको. तेवढे दोन तास ती अजून अलीकडं होती.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलीनं डोळे पुसले नाहीत, काही नाही. थोड्या वेळानं विचारलं, "कुठलं झाड, आबा?"

"करंज," म्हटलं. "ओढ्याच्या अलीकडं, पाटलांच्या बांधावरचा."

"मे महिन्यात येते," ती म्हणाली. "दाखवा मला."