विझवलेला बल्ब

माझ्या एका फोटोखाली ओळ आहे : ‘पुसदचं आकाश, माणसाच्या उजेडाविना.’ ओळ खोटी नाही. उजेड होता आणि तो मी बंद करायला लावला, एवढंच तिच्यात नाही.

वैशाखातली अमावस्या. पूस धरणाच्या कालव्यावरचं एक शेत, उन्हाळी भुईमुगाला शेंग धरलेली. रानडुकरांपायी शेताचे मालक, काका, रात्री जागलीला होते आणि खाटेजवळच्या बांबूवर एलईडी बल्ब लटकत होता. रात्री एकच्या सुमारास ज्येष्ठा तांबूस दिसत दक्षिणेला सगळ्यात उंच चढते, मागून मूळ नक्षत्राचा आकडा आणि आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा. मला नेमकं तेच हवं होतं. वीस सेकंद शटर उघडं ठेवलं की तो बल्ब अर्धी फ्रेम पांढरी करून टाकत होता.

“किती येळ लागन, भाऊ?”

“दहा मिनिटं. झालं की सांगतो.”

पेंचला जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, हेही मी त्यांना ऐकवलं. तिथल्या गावांत दिवे विझवले नाहीत, खाली तोंड करून झाकले, हे मला ठाऊक होतं, तेवढंच गाळलं. बल्बला माझ्या बाजूने पत्र्याचा डबा टांगला असता तरी भागलं असतं. पण मला निखळ काळोख हवा होता.

काकांनी बल्ब काढला आणि आडवे झाले. उन्हाळ्यात सेन्सर तापतो, चित्रात रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. म्हणून एकाच चौकटीचे पुष्कळ फोटो काढून नंतर एकावर एक बसवायचे. चोवीस मिलिमीटर, एफ २.८, आयएसओ ३२००. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. मध्येच वेलांत खसखस ऐकू आली. मी ऐकली. वारा नव्हता. टॉर्च लावली असती तर चालू फ्रेम वाया गेली असती. मी लावली नाही.

आटोपल्यावर काकांना उठवलंही नाही. झोपलेल्या माणसाची झोप कशाला मोडा, असं स्वतःला सांगितलं आणि गाडीत जाऊन पडलो.

सकाळी दोन तासं उकरलेली होती. उपटलेले वेल, मातीत चघळलेली टरफलं. काका कमरेवर हात ठेवून बघत होते.

“माहा डोळा लागला असन,” ते म्हणाले.

तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी “हो ना, काका” म्हणालो आणि त्यांनी दिलेला चहा प्यालो.

घरी फाइली उघडल्या. सात फ्रेममध्ये, खाली डाव्या कोपऱ्यात, काळपट डाग होते. प्रत्येकीत थोडे पुढे सरकलेले. फोटो एकावर एक बसवले की जे हलतं ते सॉफ्टवेअर आपोआप पुसतं. अंतिम चित्रात रान एकदम शांत आहे. बघणारे त्या शांततेचंच कौतुक करतात आणि मी ‘थँक्यू’ म्हणतो.

त्या सात फाइली मी डिलीट केलेल्या नाहीत. काकांच्या शेतावर मात्र पुन्हा गेलेलो नाही.