उजळणी आणि सचोटी

परीक्षा जवळ आली की घरोघर पाढ्यांची उजळणी सुरू होते. ती केवळ गुणांसाठीच असावी काय? १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेने हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफण्याचा ठराव केला. सूत कातणाऱ्याच्या हिशेबात १६० तारांची एक लटी व चार लट्यांची एक गुंडी. उत्तरपत्रिकेतील चूक परीक्षक दाखवितो. स्वतःच्या सुताची मोजणी मात्र आपली आपणांसच तपासावी लागते. तथापि 'सोळा चोक चौसष्ट' मुखोद्गत नसेल, तर हातातले सूतही मुकेच राहील. म्हणून पाठांतरास आम्ही तुच्छ मानीत नाही. परंतु कोणी पाहात नसताही आपल्या श्रमाचे माप खरे मोजण्याची सवय मुलास लागली, तरच त्याला गणित आले असे आम्ही म्हणू.