आधी केंद्र, मग धार



१ मे हा संत योसेफ कामकरी यांचा सण. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. नाझरेथच्या लोकांनी प्रभू येशूला सुतार म्हणूनच ओळखले, असे आपण मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात वाचतो. आपल्यातही हातावर पोट असणारे अनेक आहेत. त्यांच्यातील लेथवर काम करणाऱ्यांकडून आज आपण एक धडा घेऊ या.

लाकडाचे लाटणे असो वा पंपाचा लोखंडी शाफ्ट, लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याला आकार देते. पण मशीन सुरू करण्यापूर्वी टर्नर जॉब केंद्रात आहे का, ते पाहतो. चार जबड्यांच्या चकमध्ये तो एकेक जबडा सैल-घट्ट करतो, डायल लावून चक हाताने फिरवतो. केंद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर सुई एक मिलिमीटर झुलते. ती स्थिर होईपर्यंत तो घाई करीत नाही. केंद्र चुकले, तर टूल कितीही धारदार असो, एक बाजू जास्त कापली जाते. वेग वाढवला की थरथर वाढते. जड जॉब निसटून अंगावरही येतो.

आपलेही तसेच आहे. आपण ओव्हरटाइम करतो, हप्ते फेडतो, धावपळ वाढवतो आणि घरात शांती का नाही, म्हणून विचारतो. रविवार हा मशीन थांबवून सुई पाहण्याचा दिवस आहे. परमेश्वर आपले केंद्र आहे की नाही, हे पवित्र मिस्सामध्ये आपल्याला कळते.

परंतु ही विश्रांती केवळ आपल्यासाठी नाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर दासदासींनाही धन्यासारखाच विसावा देण्यास सांगतो. आपल्यापैकी ज्यांचे वर्कशॉप आहे, त्यांनी स्वतःला विचारावे: आपण वेदीसमोर असताना आपला कामगार कुठे असतो? तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का? माल लवकर निघावा म्हणून आपण मशीनचे गार्ड काढून ठेवले आहे का? बिघडलेला जॉब पुन्हा करता येतो. तुटलेले बोट पुन्हा येत नाही.

उद्या कामावर जाताना प्रथम क्रुसाची खूण करू या, मग मशीनचे गार्ड तपासू या. दोन्ही प्रार्थनाच आहेत. संत योसेफ आपल्या कामकरी हातांचे रक्षण करो. आमेन.