प्रभारी भरत

आजचं वाचन : अयोध्याकांडाचा शेवट, भरत आणि पादुका

मूळचा येवल्याचा एक दादा पुण्यातल्या कॉलेजात एरोस्पेस शिकवतो. विभागप्रमुख निवृत्त झाले, नवी नेमणूक लांबली आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ चार्ज याच्याकडे आला. परवा त्याचा मेसेज आला : “विंड टनेलच्या दुरुस्तीची फाइल टेबलावर आहे. सही केली तर लोक म्हणणार, प्रभारी माणसाला एवढी घाई कसली? नाही केली तर मुलांची प्रॅक्टिकल्स बुडणार. भरताने काय केलं असतं रे?”

भरत म्हटलं की आपल्याला सिंहासनावरच्या पादुका दिसतात, नंदिग्राम दिसतं, जटा आणि वल्कलं दिसतात. त्या त्यागाला आपण हात जोडतो आणि पान उलटतो. त्यातून नकळत एक समज होतो, की खुर्ची आपली नसेल तर कशालाही हात न लावणं हीच निष्ठा. ऑफिसात हा समज फार सोयीचा पडतो!

पण युद्धकांडापर्यंत वाचा. राम परत येतो तेव्हा भरत त्याला राज्य सोपवताना हिशेब देतो. खजिना, कोठारं, सैन्य, सगळं दहापट झालंय, आणि त्याचं श्रेय तो रामाच्या तेजाला देतो. चौदा वर्षं फाइली दाबून बसणाऱ्याला हे जमलं असतं का? कारभाराची प्रत्येक गोष्ट तो आधी पादुकांपुढे मांडायचा, असंही वाल्मीकी सांगतात. म्हणजे निर्णय घेत होता, फक्त मालकासारखा नाही.

दादाच्याच क्षेत्रातलं बघा. ३० डिसेंबर १९७१ ला विक्रम साराभाई अचानक गेले. इस्रोसाठी सतीश धवन हवे होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक, स्वतः एरोनॉटिक्सचे प्राध्यापक. पण तेव्हा ते अमेरिकेत कॅलटेकला होते. मधले नऊएक महिने इस्रो सांभाळली एम. जी. के. मेनन यांनी. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक, विषय कॉस्मिक किरण. ‘धवन आल्यावर बघू’ म्हणायला इतकं चांगलं निमित्त कुणाला मिळणार? तरी त्याच काळात, मे १९७२ मध्ये, आपला पहिला उपग्रह सोडण्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. आर्यभट्ट उडाला १९ एप्रिल १९७५ ला. तेव्हा अध्यक्ष धवन होते. मेनन यांचं नाव आज आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

दादाच्या घरी पैठणीचा माग आहे, त्यामुळे त्याला हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्याने मांडलेल्या मागावर बसलं की पदरावरचे मोर बदलायचे नाहीत. पण विणायचं तर असतंच ना!

म्हणून त्याला लिहिलं : दुरुस्तीवर सही कर, कारणं दोन ओळींत नोंदवून ठेव. अभ्यासक्रम बदलणं, आपली माणसं बसवणं, हे येणाऱ्यासाठी सोड.

एक गोष्ट मात्र भरताकडे होती आणि दादाकडे नाही. भरताला परतीचा दिवस माहीत होता. दादाच्या ऑर्डरवर तारीखच नाही. वर्ष उलटलं, अजून कुणीच आलं नाही, तर ‘येणाऱ्यासाठी सोड’ हे मी त्याला किती दिवस सांगू शकेन? तुम्हीच सांगा.