वाळवंटातले पाहुणे आणि एकादशी

शंका : मुलगा-सून दुबईला असतात. मागच्या हिवाळ्यात मी तिकडे असताना वाळवंटात तंबू ठोकून दोन रात्री राहायचा बेत ठरला. मुलाचे सिल्लोडचे शाळासोबती तेव्हा तिकडे फिरायला आले होते, त्यांना बोलावले. शेजारचे मुसलमान कुटुंबही आले. नेमकी त्यात एकादशी आली. मला उपवास होता, तरी सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी मीच केली. पुढे त्याच शेगडीवर मुलांनी कोंबडी भाजली. पाणी मोजकं, म्हणून अंघोळ नाही आणि पूजाही नाही. गावी आल्यावर एका गुरुजींपाशी बोलले, तर म्हणाले, उपवास मोडला, निर्जन जागी रात्र काढली, बाधा होऊ शकते, शांती करावी लागेल. खर्च पाच आकडी सांगितला. मनाला रुखरुख लागली आहे. काय करू?
— एक भगिनी, सिल्लोड

समाधान : ताई, उपवास तुमचा होता, पाहुण्यांचा नव्हता. तुम्ही धान्य खाल्ले नाही, एवढ्यात तुमची एकादशी झाली. दुसऱ्यासाठी भाकरी थापल्याने उपवास मोडत असता, तर घरात लेकरं असलेल्या एकाही आईची एकादशी आजवर पार पडली नसती. शेगडीचे म्हणाल, तर तुमचा तवा वेगळा ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, त्यात गैर नाही. पण तो वेगळा आहे हे आलेल्या माणसाला जाणवू देऊ नका. आपल्या सोवळ्यापायी पाहुण्याचा घास घशात अडकला, तर दोष तिथे लागतो.

अंघोळीची रुखरुख तर मराठवाड्याच्या बाईने करूच नये. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे मांडून बसणारे लोक आपण. प्यायचे पाणी राखून ठेवले आणि हात-तोंड धुऊन पांडुरंगाचे नाव घेतले, एवढी पूजा पुरे.

मी या बाबतीत एकाच माणसाचा शब्द प्रमाण मानतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे : पैठणचे एकनाथ महाराज. काशीची गंगा कावडीत घेऊन ते रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले दिसले. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. सोबतचे यात्रेकरू हळहळले, पण नाथांच्या लेखी गंगा रामेश्वराला तिथेच पोचली. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो, आणि मांडव सोडताना तिथेच ठेवून येतो. याच नाथांनी श्राद्धासाठी रांधलेले अन्न आधी दारावरच्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, आणि गावच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तुम्ही वाळूत बसून चार घरच्या लोकांना गरम भाकरी वाढलीत. नाथांच्या वाटेवरच चाललात की!

आता त्या शांतीविषयी. हे मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण अशी पत्रे वाढत चालली आहेत. लेकरू परदेशी आहे असे कळले, की दक्षिणेचा आकडा चढतो. शेतात राखणीला झोपणाऱ्या गड्याला कुणी बाधा सांगत नाही, कारण त्याच्या खिशात काही नसते. रात्रभर मळ्यात मोटारीवर पाणी धरणारा शेतकरी निर्जन जागीच असतो ना? वारीत लाखो माणसे उघड्या माळावर झोपतात, त्यांच्यासाठी कुणी शांती मांडली? बाधा जागेला नसते, ती भ्यालेल्या मनाला चिकटवली जाते, आणि चिकटवणाराच ती काढायचे पैसे मागतो. पौरोहित्य हे मानाचे काम आहे, ते नीट करणारे गुरुजी मला ठाऊक आहेत. म्हणूनच आईच्या काळजीवर दुकान थाटणाऱ्यांचा मला संताप येतो.

ज्या वाळवंटाची तुम्हाला भीती घातली, तिथल्या बेदुइन टोळ्यांची रीत बघा. तंबूशी आलेल्या अनोळखी माणसाला ते तीन दिवस ठेवून घेत आणि तोवर येण्याचे कारणही विचारत नसत. कॉफीचा छोटा पेला रिकामा झाला की पुन्हा भरत राहायचा, आणि पाहुण्याने तो हलवून दाखवला की मगच थांबायचे. जिथे पाणी विकतही मिळत नव्हते तिथे हा धर्म टिकला. आपल्याकडे घराचा हॉल मोठा झाला आणि मुक्कामाचा पाहुणा मात्र नकोसा झाला. तुमच्या मुलाने मित्रांना हॉटेलवर न पाठवता तंबूत बोलावले, याचे मला फार कौतुक वाटते.

सोवळे पाळायचेच असेल तर ते तिथल्या जमिनीचे पाळा. त्या वाळूत गाफ नावाचे झाड उभे असते. तो अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष, आणि तीच आपली शमी, जिची आपण दसऱ्याला पूजा करतो. जाळासाठी तिची फांदी मोडू नये, लाकूडफाटा घरून न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशव्या मागे ठेवू नयेत. उंट त्या खातात आणि पोटात गोळा होऊन मरतात. तंबू उठवताना सगळा कचरा गोळा करायला मुलाला सांगा.

शांती करू नका. गुरुजींनी पुन्हा विचारले तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. पुढच्या हिवाळ्यात जाल तेव्हा सिल्लोडच्या मिरचीचा ठेचा जास्त न्या, आणि त्या शेजाऱ्यांना पुन्हा बोलवा.